रंग खिडकीपाशीच बघायचा

ती कवळ्या बनवायची, म्हणून सगळी गल्ली तिला दातवाली म्हणायची. प्लास्टर, मेण आणि घासणीच्या मोटरची घरघर यांत तिची निम्मी हयात गेली होती. तिच्या हातची कवळी घालून माणूस हसला तर त्याच्या बायकोलाही शंका येत नसे. खरा हातखंडा रंगात. पोर्सलीनच्या सुट्या दातांची एक पट्टी असते, दुधाळ दातापासून चहाने मळलेल्या दातापर्यंत सगळ्या छटांची. ती शेडपट्टी तोंडापाशी धरायची, क्षणभर बघायचं आणि नजर काढायची. जास्त वेळ बघितलं की डोळ्याला रंगाची सवय होते. आणि बघायचं ते खिडकीपाशी, दिव्याखाली कधीच नाही. हाताखालच्या नव्या माणसांना हे ती ओरडून ओरडून शिकवायची.

स्वतःच्या बाबतीत मात्र तिने दोन्ही नियम गुंडाळून ठेवले होते.

सुरुवात खाजेने झाली. आधी तळहात, तळपाय, मग सगळं अंग. प्लास्टरची अ‍ॅलर्जी असेल म्हणून मलमं झाली, हातमोजे झाले, साबण बदलून झाले. शेवटी रक्त तपासलं, पोटाचं स्कॅन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी एक नाव सांगितलं. स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. घरी येईपर्यंत ते नवराबायको दोघांच्याही जिभेवरून कितीदा तरी घसरलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर फांद्या फुटलेल्या झाडासारखं काहीतरी काढलं होतं.

"यकृतात पित्त तयार होतं आणि या नळ्यांतून आतड्यात उतरतं. तुमच्या नळ्यांना आतून सूज येते, व्रण पडतात आणि त्या जागोजागी आवळतात. मग पित्त मागे तुंबतं."

"हिचं पित्त खवळतं हे माहीत होतं मला," नवरा म्हणाला. "तुंबतं हे नवीनच."

कोणी हसलं नाही, तो स्वतःही नाही.

"कशाने झालं हे?" तिने विचारलं.

"नक्की कोणालाच माहीत नाही. तुमच्या खाण्याने नाही की कामाने नाही. खाजेवर औषध आहे, पण आजार थांबवेल असं खात्रीचं अजून काही नाही. काहीजण वर्षानुवर्षं नीट राहतात, काहींना पुढे यकृत बदलावं लागतं. कधीकधी नळीत कॅन्सरही होतो, म्हणून तपासत राहायचं. पण एक पक्कं लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर वाट बघायची नाही, तडक इकडे यायचं. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की ते रक्तात जायला वेळ लागत नाही."

एवढ्या सगळ्यातून तिच्या डोक्यात कॅन्सर तेवढा घर करून बसला. तेव्हापासून ती रोज सकाळी न्हाणीघराला कडी लावायची, आरशासमोर उभी राहायची आणि पट्टीतला सगळ्यात फिका दात डोळ्याच्या पांढऱ्यापाशी धरून बघत बसायची. तिथला दिवा इतका पिवळा की त्यात टॉवेलही आजारी दिसावा. जुळतो, ती स्वतःला सांगायची. एके दिवशी तो जुळेना, तर तिने त्याच्या शेजारचा दात घेतला. तो जुळला. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. बाई बावळट नव्हती, घाबरून अर्धी झाली होती.

नवऱ्याने डोळ्यांचं विचारलं की फटकारायची, "रोज बघते मी. रंगातलं तुला जास्त कळतं का?" गडी बसड्रायव्हर, एका पायात निळा आणि दुसऱ्यात काळा मोजा घालून ड्युटीला जाणारा.

आणि मग गाण्याच्या बाई आल्या. आयुष्यभर मुलींना गाणं शिकवून आता निवृत्त झालेल्या. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना रंग ठरवायला पाठवलं होतं. दातवालीला सकाळपासून कणकण होती, पण तिने वर एक स्वेटर चढवला आणि खापर पंख्यावर फोडलं. बाईंना खिडकीपाशी बसवून हातात आरसा दिला.

"अगदी पांढरे नकोत हं," बाई म्हणाल्या. "या वयाला शोभायला हवेत."

"हा बघा."

"हा चालेल."

"आणि हा?"

"छे, हा फार पिवळा. तुमच्या डोळ्यांच्या रंगाकडे झुकलाय." बाईंनी ते अगदी सहज म्हटलं आणि मग आरसा खाली घेतला. "कावीळ झालीये का हो तुम्हाला?"

पट्टीतले दात एकमेकांवर वाजायला लागले. भीतीने हात थरथरतोय असं तिला वाटलं. मग तिचे स्वतःचे दात वाजायला लागले, खांदे हलायला लागले. बाईंनी तिला आपल्याच खुर्चीत बसवलं, अंगावर आपली शाल घातली आणि तिच्याच फोनवरून नवऱ्याला बोलावलं.

तो गणवेशातच धावत आला.

"मी दिव्याखाली बघायचे," दात आवळून ती म्हणाली. "मला कळत होतं. दवाखान्यात जायचंच नव्हतं. ते काय सांगतील याची भीती वाटते मला, फार भीती वाटते." पट्टी तिने त्याच्या हातात दिली. "आता तू बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

त्याने तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. आपल्या जाड बोटांनी एकेक दात तिच्या डोळ्यापाशी नेला, पार शेवटच्या, सगळ्यात मळकट दातापर्यंत. मग पट्टी टेबलावर ठेवून दिली.

"यातला एकही नाही," तो म्हणाला. "दातांत हा रंगच नाही. ऊठ, चल."

"तुला नाही भीती वाटत?"

"हातपाय गळालेत माझे. चल."

तिने मेण तापवायचा स्पिरिटचा दिवा विझवला आणि त्याच्या आधाराने दारापर्यंत गेली. तिथे ती थांबली आणि गाण्याच्या बाईंकडे वळली.

"तुमचा रंग मी आल्यावर ठरवू," ती म्हणाली. "तोवर दिव्याखाली कोणाला बघू देऊ नका."