झाकणाच्या आतली ओळ

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे, मित्रांनो. रानात खुडलेली रोपं घरी पोचेपर्यंत कोमेजू नयेत, म्हणून मला घडवलं होतं. आता इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या एका छोट्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पडून आहे.

दीडशे वर्षांपूर्वी पेल नावाचे इंग्रज डॉक्टर मला खांद्याला अडकवून आंबोलीच्या रानात हिंडत. सकाळी दवाखाना, दुपारी झाडं. वाट दाखवायला धाकू असे. त्याला अक्षर येत नव्हतं, पण रानातलं पानन् पान ओळखीचं होतं.

एका पावसाळ्यात डॉक्टरांना ताप भरला. त्यांचीच औषधं त्यांना लागू पडेनात. धाकूने एका वेलीचं मूळ उगाळून पाजलं आणि आठवडाभर तो उशाशी बसून राहिला. डॉक्टर उठले. ती वेल लंडनला गेली, आणि तिथल्या जाणकारांनी तिला डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांची फार वाहवा झाली. धाकूबद्दल पुढच्या टपालाने कळवू, असं डॉक्टर म्हणत राहिले. वर्षभरात पटकीची साथ आली आणि धाकू त्यांच्याच दवाखान्यात दगावला.

इंग्लंडला परतल्यावर, म्हातारपणी, डॉक्टरांनी माझ्या झाकणाच्या आत दाभणाने मराठीत कोरलं : ‘ही वेल धाकूने दाखवली. नाव माझे लागले.’ घरात कोणालाच मराठी येत नव्हतं. बहुधा म्हणूनच मराठीत.

गेल्या हिवाळ्यात इथलं छत गळलं आणि मला गंज चढला. संग्रहालय बंद होणार, म्हणून सामानाची यादी करायला निवृत्त डॉक्टर मीनाक्षीताई आल्या. सोबत त्यांची नात उर्वी, इथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी. झाकण उघडून मीनाक्षीताई थबकल्या.

“आजी, काय लिहिलाय?”

“ही वेल कोणीतरी दाखवली, पण नाव माझं लागलं, असं. ज्याने दाखवली त्याचं नाव गंजाने खाल्लंय गं.”

“मग कोणाला विचारायचा?”

“विचारायला कोणी उरलं नाही.”

तरी त्यांनी भिंग लावून पाहिलं, शहराच्या कौन्सिलला पत्रं लिहिली, पेल डॉक्टरांचे जुने कागद मागवले. त्यांत धाकू कुठेच नव्हता. मी सारखा त्याचं नाव घेत होतो. त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी यादीत त्यांनी ‘नाव अज्ञात’ असं लिहिलं.

उद्या मला मिल्टन कीन्स या दुसऱ्या गावातल्या गोदामात नेणार आहेत. तिथे कोणी येत नाही.

मित्रांनो, ज्याने तुम्हाला काही दाखवलं, त्याचं नाव तो समोर असतानाच घ्या, चारचौघांत घ्या. डॉक्टरांनी फार उशीर केला.