तिरक्या टाईपाचं गिऱ्हाईक

"तो टाईप गिऱ्हाइकांच्या नावाला असतो, नोकरांच्या नाही," धाकटे मालक म्हणाले आणि भंगारवाल्याला फोन लावायला लागले.

आमच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता ताईचे केस पिकले. संध्याकाळी सगळे खिळे वितळायला जाणार, उद्यापासून तीही घरी. जाता जाता तिनं एवढंच मागितलं होतं: त्या तिरक्या अक्षरांत एकदा स्वतःचं नाव.

तो टाईप भारी नखरेल. लेखणीनं एका दमात लिहिल्यासारखा. प्रत्येक अक्षराची शेपटी शेजारच्याच्या अंगावर, जरा दाबलं की कटकन मोडणार. म्हणून पत्रिकेत फक्त नवरानवरीच्या नावाला, निधनाच्या कार्डात फक्त गेलेल्याच्या. मामा-काकांना साधी अक्षरं. मी मशीनवाला. एकदा हात लावला, तर ताईनं पट्टी हाणली होती.

"कॉम्प्युटरवर कुठलंही अक्षर तिरकं होतं आता," मालक म्हणाले.

"ते तिरकं नसतं, ढकललेलं असतं," ताई म्हणाली.

माझ्या डोक्यात किडा वळवळला. हात धुतले, भांग पाडला, मागच्या दारानं बाहेर पडलो आणि पुढच्या दारानं आत आलो.

"मालक, कार्ड छापायचंय."

"डोकं फिरलं काय रे?"

"अहो म्हणा. गिऱ्हाईक आहे मी."

शेजारी एक खरंखुरं गिऱ्हाईक उभं होतं, त्यामुळे त्यांना शिवीही देता येईना.

"कसलं कार्ड?" दातओठ खात त्यांनी विचारलं.

"नुसतं नाव. तिरक्यात."

"कुणाचं?"

"ताईचं."

"ताई हे काय नाव झालं? खरं सांगा!"

इतकी वर्षं तिच्या डब्यातली भाजी पळवली, पण नाव? मालकांनाही ठाऊक नव्हतं. पगाराच्या पाकिटावरसुद्धा 'ताई'च.

"सांगायचं कशाला?" आतून आवाज आला. "जुळवतेय मी."

एरवी जुळवताना गुणगुणायची. आज नाही. शेवटच्या अक्षराची शेपटी मोडलेली निघाली.

"दुसरं लाव की," मी म्हणालो.

"दुसरं नाही. असू दे. माझंच नाव आहे, मला चालतंय."

मी मशीन फिरवलं. पहिलं कार्ड निघालं. ना बापाचं नाव, ना नवऱ्याचं. नुसतं तिचं. मी काउंटरवर चढून खणखणीत आवाजात वाचलं.

"छान नाव आहे हो," खरं गिऱ्हाईक म्हणालं.

छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात, हा ताईचाच नियम. आज तिनं ती ओळ दोऱ्यानं आवळून बांधली, फडक्यात गुंडाळली आणि आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवली.

"अहो, ते भंगारात जायचंय!" मालक ओरडले.

"जाणार नाही," ती म्हणाली आणि चपला घातल्या.

रोज घरी निघताना तिच्या रिकाम्या डब्यात चमचा खुळखुळायचा, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. मी दारात उभा राहिलो. आज आवाज आला नाही.