डुकराच्या मुंडीचा मान

रावजीचं पोट दुखायचं ते अपचनाने नव्हे, मेव्हण्यामुळे.

रेवदंड्याच्या अलीकडे डोंगरालगत त्यांचं गाव. भात पोटरीला आलं की सरकारी रानातली डुकरं खाली उतरायची. जंगलखातं हंगामाला शिकारीचा एकच परवाना द्यायचं. ज्यांच्या नावावर शेत, त्यांनी अर्ज करायचे आणि कारकुनाने तांब्यातून एक चिठ्ठी काढायची. लागोपाठ दोन वर्षं चिठ्ठी निघाली तुळशीरामाची. तुळशीराम म्हणजे रावजीच्या बायकोचा थोरला भाऊ. परवाना ज्याचा, डुकराची मुंडी त्याच्या दारी, असा गावचा रिवाज. ती वाजतगाजत तुळशीरामाकडे जायची आणि रावजीला वाट्याची सागुती गोड लागायची नाही.

"नशीबबी मेलं त्याच्याच घरी पानी भरतंय," तो म्हणायचा.

यंदा त्याने शक्कल लढवली. त्याच्या बायकोला, सोनूबाईला, तिच्या बापाने खाडीकाठच्या खारजमिनीतला एक तुकडा दिला होता, तिच्या नावावर. एरवी रावजी त्या तुकड्याला नाक मुरडायचा. आता मात्र त्याने आपल्या अर्जाबरोबर तिचाही अंगठा उठवून घेतला. म्हणजे घरात दोन चिठ्ठ्या.

कारकुनाने चिठ्ठी काढली आणि वाचली, "सोनूबाई रावजी." कचेरीत हशा पिकला. रावजी मिशीवर हात फिरवतच घरी आला.

"यंदा बार मी टाकनार," त्याने सांगितलं.

सोनूबाई तांदूळ निवडत होती. "परवाना माज्या नावावर हाय. बार दादा टाकंल."

"आन मी?"

"मागं तुमी टाकलात तो फनसाला लागला. डुकरं माज्या शेतात हायेत, फनसावर न्हाय. तुमी हाक्याला जा, रान उठवायला. आवाज मोठा हाय तुमचा."

रावजी जळून खाक झाला. मेव्हण्यावर तो जळायचाच, आता बायकोवरही जळू लागला. गावकरी सल्ल्याला येत ते तिच्याकडे, आणि हा ओटीवर बसून नुसता तंबाखू मळायचा.

हाक्याच्या दिवशी तो डबा बडवत करवंदीच्या जाळ्यांतून निघाला. एकाएकी समोर डुक्कर उभं. रावजीने डबा थांबवला. गप्प राहावं, डुकराने मागच्या मागे निसटावं आणि तुळशीरामाने रिकाम्या हाताने परतावं, असं त्याला मनापासून वाटलं. तेवढ्यात डुक्कर त्याच्यावरच धावलं. रावजीने अशी बोंब ठोकली की ते उलटं फिरलं आणि नेमकं तुळशीरामाच्या बंदुकीपुढे गेलं. एकाच बारात आडवं झालं.

संध्याकाळी मुंडी वाजतगाजत रावजीच्या दारी आली, तुळशीरामाच्या खांद्यावरून.

"रावजी, आली रं मुंडी तुज्या दारी," शेजारचा चांगदेव म्हणाला.

रावजीने तोंड उघडलं. ओरडून ओरडून घसा पार बसला होता, शब्दच फुटेना.

"अवो, उभे काय?" सोनूबाईने त्याच्या हातात तांब्या दिला. "दादाच्या पायावर पानी घाला."

रावजी वाकला आणि पाणी घालू लागला.