बर्फाच्या कप्प्यातला पेन

मित्रांनो, मी एक जुना इंजेक्शनचा पेन आहे. जुना म्हणजे पाच आठवड्यांचा. तेवढ्यातच माझं आयुष्य संपलं, आणि तेही वाया गेलं.

जेवल्यावर माणसाच्या आतड्यातून एक संप्रेरक निघतं आणि रक्तातली साखर आवरायला मदत करतं. त्याची नक्कल करणारं औषध माझ्या पोटात होतं. आठवड्यातून एकदा टोचलं की काम झालं. मला त्याची फार घमेंड होती.

मी सोलापुरात कोंडीबांच्या घरी आलो. ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. डॉक्टर सुकन्या मॅडम त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, म्हणाल्या, "साखर उतरली तर अंगठा वाचेल. हे फ्रीजमध्ये गार ठेवा."

वच्छलाबाई घरी येऊन म्हणाल्या, "बर्फापरास गार कुटं हाय?" आणि मला वर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं!

मी गोठलो. एकदा गोठलं की माझं औषध बिघडतं, वितळल्यावरही सुधारत नाही. खोक्यातल्या कागदावर हे बारीक इंग्रजीत छापलं होतं. तो कागद त्यांनी घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला.

दर गुरुवारी त्या मला तळहातांत धरून ऊब द्यायच्या, देवाचं नाव घ्यायच्या आणि कोंडीबांच्या पोटाला टोचायच्या. मला ओरडावंसं वाटे. पण मला तोंड कुठे आहे?

चार सुया झाल्या. साखर जिथल्या तिथे. मॅडमनी विचारलं, "चोरून गोड खाता का?"

घरी आल्यावर वच्छलाबाई कडाडल्या, "कारखान्यात बारशाचं पेढं वाटलं की. किती खाल्लं?"

"एक बी न्हाय. स्वामींची शपथ."

"मग सुई का लागू पडंना?"

तेव्हापासून वच्छलाबाई नवऱ्याशी बोलत नाहीत. उद्या अंगठा काढणार आहेत. निदान पाऊल वाचावं म्हणून मॅडमनी नवा पेन दिलाय. वच्छलाबाईंनी काल तोही बर्फाच्या कप्प्यात सारला, या खेपेला अगदी आत.

मित्रांनो, मी रिकामा पडलोय. पाया पडतो, कुणीतरी त्या घरी जा. गोठलेला पेन टोचू नका म्हणावं. मॅडमना सांगून दुसरा आणा आणि तो खाली, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवा. आणि कोंडीबांनी पेढा खाल्ला नव्हता, हेही वच्छलाबाईंना सांगा.