शुक्रवारी माझा प्रयोग आहे

मी दहावीत असताना माझ्या एकशे बारा माश्या देवासमोर मेल्या.

केळं जास्त पिकलं की त्यावर घोंगावतात ना, त्या बारक्या माश्या. बायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी शाळेने प्रत्येकाला सात बाटल्या भरून दिल्या होत्या. लाल डोळ्यांच्या किती, पांढऱ्या डोळ्यांच्या किती, त्यांच्या पोरांचे डोळे कसले आणि नातवंडांचे कसले, एवढंच मोजून वहीत लिहायचं होतं. मी त्यांना नावं दिली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत माझ्या वहीत दोन साखरपुडे झाले होते, एक वाटणीचा वाद चालू होता आणि सात नंबरच्या बाटलीतल्या एका पांढऱ्या डोळ्यांच्या माशीने सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. आमचे सर, मिस्टर क्लासन, यांनी खाली लाल पेनने लिहिलं, "फार सुंदर. आकडे कुठे आहेत?"

आकडे नव्हते. एकशे बारा हासुद्धा मला त्या गेल्यावर, कागदावर ओतून मोजल्यामुळे माहीत आहे.

आमचं घर सरे गावात आणि शाळा शेजारच्या कोक्विटलाम गावात. मध्ये नदी, नदीवर पोर्ट मान पूल. बाबा मला रोज सकाळी पुलापलीकडे सोडायचा आणि तोच पूल उलटा ओलांडून ऑफिसला जायचा. बाबा म्हणजे मिलिंद, मूळ नागपूरचा, पंप डिझाइन करतो. आमची सायन्स मॅग्नेट स्कूल होती, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांतली हुशार मुलं ओढून घेणारी. मला ॲडमिशन मिळाली तेव्हा बाबाने नागपूरला शीलाआत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "चांगलंय. पण पूर्ण वर्षभर फक्त लोहचुंबकच शिकवतात का रे?" बाबा म्हणाला, "नाही, बाकीचं सायन्सही आहे."

मी तिथे कशी पोचले, हे गूढ नाही. अर्जात पाचशे शब्दांत लिहायचं होतं, मला विज्ञान का आवडतं. मी व्हाइट रॉकच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका खेकड्याबद्दल लिहिलं, ज्याच्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न जागा झाला. खेकडा नव्हता. व्हाइट रॉकला आम्ही आइस्क्रीम खायला गेलो होतो. निवड समितीतल्या एक बाई वाचताना रडल्या म्हणे. म्हणजे सायन्सच्या शाळेत मी गोष्ट लिहून शिरले, आणि मग दोन वर्षं तिथल्या लोकांना कळेना की या मुलीला केमिस्ट्रीचं इक्वेशन बॅलन्स करता का येत नाही.

शाळा वाईट नव्हती. तिथली मुलं जेवणाच्या सुट्टीत कृष्णविवरांवरून भांडायची आणि तरी सँडविच वाटून खायची. माझी मैत्रीण केया तर फुलपाखराला सॉरी म्हणून मग त्याला टाचणी लावायची. मला ती सगळी मुलं आवडायची. फक्त ती जे करत होती ते सोडून बाकी सगळं करावंसं वाटायचं. घरापासून सात मिनिटांवर जी साधी सरकारी शाळा होती, तिथे नाटकाचा तास होता आणि इतिहासाच्या मॅडम वर्गात तलवार घेऊन यायच्या. कार्डबोर्डची. पण तलवार.

फेब्रुवारीत मार्क घसरले तेव्हा शाळेने एक फॉर्म दिला. दोन चौकोन: अकरावीला इथेच राहणार, किंवा घराजवळच्या शाळेत परत जाणार. पालकाची सही. मार्चमधल्या एका सोमवारपर्यंत. मला दुसऱ्या चौकोनात खूण हवी होती. पण ज्या माणसाने दोन वर्षं रोज एक नदी दोनदा ओलांडली, त्याला हे कसं सांगायचं ते मला कळेना. फॉर्म दप्तरात राहिला. त्याच्यावर एक संत्रं फुटलं.

माश्यांचं असं झालं की फेब्रुवारीत फॅमिली डेची सुट्टी जोडून येणाऱ्या लाँग वीकेंडला शाळेतलं हीटिंग कमी करतात. त्या गारठतील म्हणून मी सातही बाटल्या घरी आणल्या. नियमात बसत नव्हतं. घरात सगळ्यात उबदार जागा देव्हाऱ्याशेजारी, कारण खालून बेसमेंटच्या हीटरचा पाइप जातो. तिथे ठेवल्या. माझी आई, प्रमोदिनी, पुण्याची. तिने संध्याकाळी नेहमीप्रमाणे दिवा लावला आणि त्या दिवशी सुट्टी म्हणून धूपही लावला, भरपूर.

"अगं, मला वाटलं प्रसादाचं काहीतरी झाकून ठेवलंयस," आई म्हणाली. मग बाटल्यांकडे बघून, "देवासमोर गेल्या. सगळ्यांना नाही मिळत असं."

मिस्टर क्लासनना मी खरं ते सांगितलं. मार्चमध्ये शाळेची लॅब नाइट होती, पालकांसमोर प्रत्येकाने प्रोजेक्ट मांडायचं. सर खिडकीबाहेर बघायला लागले. बहुतेक हसू आवरत होते. मग म्हणाले, "तुझ्याकडे जे आहे ते मांड. पण त्यात एक तरी खरा आकडा असू दे."

माझ्याकडे वही होती. केया आणि मी मिळून त्या वहीचं बारा मिनिटांचं नाटक बसवलं. मग मी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "शुक्रवारी सहाला माझा प्रयोग आहे." पाठवल्यावर मी तो शब्द पुन्हा वाचला. खोटं काहीच नव्हतं. मी दुरुस्त केलं नाही.

आईचा लगेच रिप्लाय आला: "किती अंकी?"

तिच्याखाली बाबाचा: "दोन दशांशापर्यंत पुरे."

शुक्रवारी बाबा टाय लावून आला. सोबत नंदकुमारकाकांना घेऊन आला, जे एकोणसत्तर साली इथे आले, धरणांवर काम करून रिटायर झाले आणि इथल्या मराठी मंडळात कोणाच्याही मुलाला काहीही बक्षीस मिळालं की ते तपासतात. दोघं पहिल्या रांगेत, आई त्यांच्या मागे. बाबाच्या मांडीवर वही आणि पेन.

लॅबचे दिवे मालवले. केया पोहण्याचा लाल गॉगल लावून टेबलाखालून बाहेर आली आणि म्हणाली, "सात नंबरच्या बाटलीत आज पुन्हा केळंच आहे." मी पांढऱ्या डोळ्यांची माशी. अशा माश्यांना खरंच नीट दिसत नाही, हे विज्ञान आहे. मी सगळीकडे आपटत होते. लोक हसले. मग धूर आला, केयाने एकशे बारा हा आकडा मोठ्याने सांगितला, आणि बाकीच्या सगळ्या माश्यांच्या वतीने ती उडून गेली. बाटलीचं झाकण उघडं होतं. मी एकटी आत बसून राहिले. नाटक संपलं.

टाळ्यांनंतर नंदकुमारकाकांनी हात वर केला. तुलनेसाठी बाजूला ठेवलेल्या माश्या त्यांना कुठे दिसल्या नव्हत्या. "नाइस. बट व्हेअर इज द कंट्रोल ग्रुप?"

"दे वेअर आउट ऑफ कंट्रोल, अंकल," केया म्हणाली.

मग बाबाचा हात वर गेला. वहीत त्याने काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. त्याने इंग्रजीत विचारलं, पण नागपूरच्या सुरात, "झाकण उघडं होतं. मग ती माशी बाहेर काहून नाही गेली?"

याचं उत्तर मी बसवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "कारण तिला रोज कोणीतरी एवढ्या लांबून आणून सोडतं. तिला वाईट वाटतं."

सगळे हसले. आई हसली नाही. बाबाने वही मिटली.

परत येताना काका मागच्या सीटवर, आईशेजारी झोपून गेले. पुलावर ट्रॅफिक होतं. बाबा म्हणाला, "फॉर्म आहे म्हणे कुठला तरी. त्या केयाच्या आईने विचारलं मला, काय ठरवलं म्हणून."

मी फॉर्म काढला. संत्र्याचा वास आला.

"मला सांगितलं काहून नाही?"

"तुला वाटलं असतं की एवढी गाडी चालवली ती फुकट."

"अन् तू रोज गाडीत त्या माश्यांचं सांगून राहिली होती! कोणाचं लग्न मोडलं, कोण कोणाशी बोलत नाही. मी समजून राहिलो की पोरीला शाळा मानवली. ऑफिसात सांगतो मी लोकांना, माझी मुलगी जेनेटिक्समध्ये फार पुढे आहे."

"सॉरी, बाबा."

"सॉरी काय त्यात. गोष्टी चांगल्या होत्या." पुढची गाडी हलली, त्यानेही गाडी थोडी पुढे घेतली. "ती जवळची शाळा. चालत जाशील?"

"सात मिनिटं."

"हं," बाबा म्हणाला. "सातच?"

घरी आल्यावर त्याने डायनिंग टेबलवर फॉर्म पसरला, दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि कारणाच्या ओळीवर अडकला. शेवटी लिहिलं, विद्यार्थिनी ठीक आहे, शाळाही ठीक आहे. आई म्हणाली, "मिलिंद, हे कारण नाही." बाबा म्हणाला, "खरं तर आहे ना." आणि सही केली.

वर्ष संपायला जूनपर्यंत वेळ होता. ते उरलेले तीन महिने मी त्या शाळेत फार सुखात काढले. जायचंच आहे म्हटल्यावर केमिस्ट्रीही बरी वाटायला लागली. एकदा तर इक्वेशन बॅलन्स झालं, आणि केयाने त्याचा फोटो काढला. आता मी ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत इतिहासात एम.ए. करते, विषय शेतीच्या अवजारांचा आहे, आणि आमच्या सेमिनारमध्ये कोणी मोघम बोललं की मी विचारते, आकडे कुठे आहेत. लोक मला टाळतात. मला मात्र त्या लॅबचा वास आठवतो, स्पिरिट आणि कुजकं केळं.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते गाडीतलं. सहीनंतरच्या सोमवारी सकाळी आम्ही निघालो. नाटकाबरोबर माश्याही संपल्या होत्या. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

"आता तू सांग," मी म्हणाले.

"मी काय सांगू?"

"काहीही. गोष्ट."

बाबाने विचार केला. इंडिकेटर दिला, लेन बदलली. "एक पंप होता," तो म्हणाला. "तो बंद पडला. मग चालू झाला."

"बाबा, ही गोष्ट नाही."

"झाली की. बंद होता, चालू झाला."

"पण बंद कशाने पडला होता?"

मागून ट्रकने हॉर्न दिला, तरी बाबाने स्पीड वाढवला नाही. उलट उजव्या, हळू जाणाऱ्यांच्या लेनमध्ये गेला आणि सगळे आम्हाला ओलांडून जायला लागले.

"त्या भानगडीत एक माणूस होता," तो म्हणाला. "कामठीचा. ते जरा मोठं आहे सांगायला."