बिनकाट्याच्या शहरात

भाईकाका डोळे मिटत आणि मग त्यांची बोटं पाहू लागत. माशाचा तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ते अगदी हलकेच दाबत, झोपलेल्या बाळाचा ताप पाहावा तसा. मग क्षणभर थांबत, आणि त्या थांबण्यात समोरच्या काचेतून आलेलं ओहायोचं फिकट, पाण्यासारखं ऊनही टेबलावर थबकल्यासारखं वाटे. पुढच्या क्षणी केसाइतका बारीक, अर्धपारदर्शक काटा त्यांच्या चिमटीत असे. तो ते टाकून देत नसत. बशीच्या कडेला, आधीच्या काट्यांना समांतर, सारखं अंतर राखून मांडत. वेंगुर्ल्याच्या शाळेत सगळी हयात मुलांना चित्रकला शिकवलेल्या माणसाची ती बोटं होती आणि वाकडी रेघ त्यांना कुठेच, अगदी उष्ट्यातसुद्धा, सहन होत नसे.

ते मंदारचे वडील. मंदार आणि त्याची बायको मृणाल कोलंबसला लागून असलेल्या डब्लिनमध्ये राहत आणि मी कोलंबसच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मृणालची नि माझी ओळख झाली होती. दोन हजार चारच्या फेब्रुवारीत भाईकाका आले, सहा महिन्यांसाठी. बाहेर बर्फ साचून साचून मळकट झालेलं, झाडांच्या नुसत्या काटक्या उरलेल्या, आणि आकाश असं, की कुणीतरी पुसायचं विसरून गेलेला फळा. "शनिवारी भाईंना जरा फिरवून आणशील का गं?" मृणालनं विचारलं. "आम्ही दोघंही वीकेंडला काम करतोय सध्या. घरात बसून ते नुसते खिडकीतून बघत राहतात."

माझ्या खटारा गाडीत बसून पट्टा लावता लावता त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा: "गो, ह्या गावात काट्याचो मासो खंय गावता?"

मी नागपूरची. वरणभातावर आणि वांग्याच्या भाजीवर वाढलेली. मासा मला दुरूनही ओळखू येत नव्हता, मग काट्याचा कुठे मिळतो हे कसं सांगणार? पण त्या प्रश्नामागे जिभेचे चोचले नाहीत हे त्याच दिवशी कळलं. चार वर्षांपूर्वी ही मंडळी सुट्टीला वेंगुर्ल्याला गेली होती. नात रेवा तेव्हा तीन वर्षांची. आजोबांच्या मांडीवर बसून ती पेडव्याचा, त्या बारीक काट्यांच्या छोट्या माशाचा, घास घेत होती आणि आयुष्यात कधी न चुकलेली ती बोटं त्या एका घासाला चुकली. पोरीच्या घशात काटा अडकला. तालुक्याच्या डॉक्टरनं चिमट्यानं तो काढला, तासाभरात रेवा हसत खेळत परतलीसुद्धा; पण त्या तासाभरात मृणालचा चेहरा जसा झाला होता, तो काकांच्या डोळ्यांपुढून हलला नाही. तेव्हापासून रेवाच्या ताटात मासा आलाच तर तो खोक्यातला, चौकोनी, बिनकाट्याचा. आणि तेव्हापासून भाईकाकांनी कुणालाही माशाचे काटे काढून दिले नव्हते.

"सुनेचं काय चुकलं? आई आहे ती," ते बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाले. "काटा माझ्या हातून गेला. पण पोर आता माशाला भिते, ते मला बघवत नाही. ऑगस्टात मी परत जाणार. डॉक्टर म्हणतो, एवढा लांबचा प्रवास आता पुन्हा नको. तेवढ्यात तिनं एकदा स्वतःच्या हातानं काट्याचा मासा खाल्ला पाहिजे." सुनेच्या स्वयंपाकघरात मासा तळायचा नाही, हे त्यांनी कुणी न सांगता स्वतःशीच ठरवलं होतं. म्हणून मग हॉटेलं.

त्या वसंतात मी जितकं कोलंबस पाहिलं तितकं आधीच्या तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. भाईकाका प्रत्येक शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात पेन्सिल अडकवून, परीक्षकासारखे तयार असत. डाउनटाउनमधल्या एका भारी हॉटेलात पांढऱ्या एप्रनमधल्या वेटरनं समुद्रातल्या माशांची अशी वर्णनं केली की मलासुद्धा खावंसं वाटू लागलं. काकांनी शांतपणे विचारलं, "यात काटे असतात का?" वेटरनं छातीवर हात ठेवून ग्वाही दिली, "एकही नाही सर, अगदी निश्चिंत राहा." काकांनी मांडीवरचा रुमाल चौकोनी घडी घालून टेबलावर ठेवला, वेटरला नमस्कार केला आणि उठले. तो बिचारा आपलं काय चुकलं याचा विचार करत दारापर्यंत आमच्यामागे आला.

मग ईस्टरच्या आधीचे, ख्रिश्चनांच्या उपवासाचे शुक्रवार आले. एका चर्चच्या तळघरात त्या दिवसांत मासे तळून वाढतात असं कळलं. मी लॅबमधून लवकर सटकले. लांबलचक टेबलं, कोबीची कोशिंबीर, केक विकणाऱ्या आज्या, आणि कढईतून निघणारे सोनेरी तुकडे. उपवासाला मासे चालणारा देव पाहून काका इतके प्रसन्न झाले की दानपेटीत त्यांनी दोनदा नोटा टाकल्या. पण तुकडा मोडला आणि आत नुसतं पांढरं, मऊ, निष्पाप मांस. "ह्येका मासो म्हणतत?" ते पुटपुटले, आणि वाढणाऱ्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून सगळा संपवला.

मे महिन्यात दोन तास गाडी हाकून आम्ही ईरी सरोवरावर गेलो. पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते काठाशी वाकले, बोट बुडवून जिभेला लावलं. "अळणी," एवढंच म्हणाले. तिथल्या मासळीच्या टपरीवर ताजे मासे होते, पण तेही काटा काढूनच मिळत. परतताना मी कंटाळून म्हटलं, "काका, पुरे ना आता यार." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "पुढच्या शनिवारी पूर्वेकडे जाऊ," म्हणाले.

पूर्वेकडे गेलो ते गाडीचं ऑइल बदलायला. गॅरेजच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले काका एकाएकी ताठ झाले. त्यांनी मान वर केली, हवेत दोनदा श्वास घेतला आणि जिथे फुटपाथ नाही असा चारपदरी रस्ता हात दाखवत ओलांडून ते चालूही लागले. मी मागोमाग धावले. रस्त्यापलीकडे, लाँड्रीला खेटून, एक बुटकं दुकान होतं. आत तीन टेबलं, मक्याच्या पिठात तळल्या जाणाऱ्या माशाचा दाट वास, आणि गल्ल्यावर एक धिप्पाड, वयस्क कृष्णवर्णीय बाई. फळ्यावरच्या यादीत बफलो नावाचा नदीतला मासा होता. काकांनी त्याच्यावर बोट ठेवलं. बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यात काटे असतात हं, भरपूर. नंतर माझ्याकडे तक्रार नाही चालणार."

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना काट्यांबद्दल बजावलं होतं. काकांचे डोळे भरून आले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

माशासोबत पांढऱ्या पावाचे चार जाड तुकडे आले. हे कशाला, असं मी विचारलं तेव्हा बाईंनी आपल्या घशावर बोट ठेवलं: काटा अडकलाच तर पाव न चावता गिळायचा. मी ते मराठीत सांगितलं. काका हरखून म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडे कोरड्या भाताचा गोळा देतात." मी सांगितलं. बाईंनी मान हलवली, आणि आणखी दोन तुकडे आणून ठेवले.

त्यानंतर पाच शनिवार आम्ही तिथे गेलो. काका आधी स्वतः खात, काटे ओळीनं मांडत आणि मग कागदी रुमालावर पेन्सिलीनं त्या माशाचा सांगाडा काढत: मधला काटा, बरगड्या, आणि मांसात लपलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे दुहेरी फाटे. घरी गेल्यावर ते रुमाल रेवाला मिळत. ती रंगीत खडूंनी काटे रंगवी, कुठला कुठे असतो ते पाठ म्हणून दाखवी. डोळे मिटून खेळण्यातले मणी चाचपायचा खेळही त्यांनीच तिला लावला. पण खऱ्या माशाचं नाव काढलं की ती मान खाली घालून म्हणे, "नो, आजोबा. इट विल हर्ट."

जुलै संपत आला तेव्हा त्यांनी सुनेला विचारलं. मी तिथेच होते. मृणाल बराच वेळ ओट्यावरचा एकच डाग पुसत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे भाई. पण मी समोर बसणार. आणि तुम्ही तिच्या ताटाला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," ते म्हणाले. मला त्या क्षणी मृणालचा राग आला होता, हे कबूल करते. काकांना आला नाही.

ऑगस्टमधला पहिला शनिवार. मंदारला सुट्टी मिळाली नाही; त्या दुकानात आम्ही चौघंच. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा खडखडत होता. मृणालनं पावाचे तुकडे आणि पाणी स्वतःच्या हाताशी घेतलं. भाईकाका दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, वर्गात दंगा केलेल्या मुलासारखे. रेवानं डोळे मिटले. तिच्या छोट्याशा चिमटीत माशाचा तुकडा होता. एक काटा निघाला. दुसरा निघाला. तिनं घास तोंडात घातला, चावला, आणि मध्येच थांबली. मृणाल अर्धी उठली. काकांचे हात मात्र जागचे हलले नाहीत. रेवानं जीभ गालात फिरवली, दोन बोटांनी ओठांतून एक बारीक काटा बाहेर काढला आणि उन्हात धरून पाहिला. "फाउंड यू," ती काट्याला म्हणाली. मग तो तिनं बशीच्या कडेला, पहिल्या दोघांशेजारी, सरळ ठेवला.

मृणाल खाली बसली. थोड्या वेळानं तिनं आपल्या बशीतला तुकडा काकांपुढे सरकवला. "भाई, मला द्या ना काढून," ती म्हणाली. चार वर्षांनी त्यांनी मांडीखालून हात काढले.

ते ऑगस्टअखेर परत गेले, आणि दोन हजार सातच्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याहून फोन आला. व्हिसाच्या कागदांत अडकलेल्या मंदारला जाता आलं नाही. तेरावं झाल्यानंतरच्या शनिवारी तो माझ्याकडे आला, सोबत रेवा. "भाई जिथे जायचे तिथे घेऊन चल," म्हणाला. दुकान तसंच होतं, बाई थोड्या वाकल्या होत्या. त्यांनी म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पाव जास्त दिला.

मंदार बफलोचा तुकडा हातात घेऊन नुसता बसला. इतकी वर्षं बिनकाट्याचं खाऊन त्याची बोटं विसरून गेली होती, आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे काही दिसतही नव्हतं. रेवानं, आता दहा वर्षांच्या रेवानं, त्याच्या हातातून तो अलगद काढून घेतला. तिनं डोळे मिटले. "वेट, बाबा," ती म्हणाली, "मी देते."

बाहेर बर्फ भुरभुरत होता. माणूस जातो तेव्हा काय काय घेऊन जातो हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण त्या दुपारी बशीच्या कडेला एकामागून एक सात काटे आले, सारखं अंतर राखून, समांतर, आणि त्यांतली एकही रेघ वाकडी नव्हती.