तुम्ही आहात तोवर

मी एका बाईंडरच्या खोलीचा मागचा दरवाजा आहे. जुना म्हणा, मला राग नाही. सुताराने मला गोदामातल्या खोक्यांच्या फळ्यांपासून बनवले, म्हणून माझ्या एका फळीवर ‘सांभाळून उचला’ ही अक्षरे अजून दिसतात.

मित्रांनो, माझ्यापलीकडे छोटे अंगण आहे. बाईंडर पुस्तकांना पुठ्ठा चढवायचा. त्याची बायको छापील कागद दुमडायची, शिवायची आणि खळ लावलेली पुस्तके माझ्यातून बाहेर नेऊन वाऱ्यावर ठेवायची. दोन्ही हात भरलेले असले की मला पायाने ढकलायची आणि ‘चुकलं हं’ म्हणायची. दरवाजाची अशी माफी कोण मागतो?

पुढे तिचे गुडघे दुखू लागले. एकदा घरमालक गप्पा मारायला आले. ते बाईंडरचे लहानपणचे सोबती.

ती म्हणाली, “भाऊजी, उद्या हा दरवाजा बुजवलात तर मला अख्ख्या घराला वळसा पडेल.”

“वहिनी, तुम्ही आहात तोवर इथे वीट लागणार नाही.”

“लिहून घेऊ का?” बाईंडरने चेष्टा केली.

“गप रे! आधी माझी छत्री परत कर.”

सगळे हसले. कोणी काही लिहिले नाही.

काही वर्षांनी मालक वारले. गेल्या थंडीत तीही गेली. बाईंडर स्वतःच कागद दुमडू लागला. त्याच्या घड्या तिरप्या येतात.

मालकांच्या मुलाने घर एका नर्सबाईंना विकले. त्यांना आईसाठी अंगणात खोली बांधायची होती. तिची भिंत नेमकी माझ्यावर येत होती. त्या बाईंडरकडे आल्या.

“काका, वकील म्हणतात, जुन्या मालकांनी तोंडी काही कबूल केलं असेल तर ते मला लागू नाही. पण शेजारी म्हणतात, तुम्हाला शब्द दिला होता. खरं काय ते तुम्हीच सांगा.”

मी मनात म्हटले, हो म्हण बाबा. नुसते हो म्हण.

“मला नाही,” बाईंडर म्हणाला. “‘तुम्ही’ म्हणाला तो तिला. मला तो जन्मभर ‘अरे’च म्हणाला. ती होती तोवर वीट लागली नाही. त्यानं शब्द पाळला.”

“मग तुम्हाला दरवाजा नको?”

“हवा आहे. ती इथनं ये-जा करायची. दुसरं काही कारण नाही.”

नर्सबाई माझ्या पायरीवर बसल्या.

“त्यांचा शब्द संपला म्हणता ना? मग हा माझा घ्या,” त्या म्हणाल्या. “खोली दोन हात आखूड करू. आई कटकट करेल, ती मी बघते. पण कागद आणा. उद्या माझीच बुद्धी फिरली तर?”

त्यांनी लिहून सही केली.

आता त्यांची आई रोज माझ्यातून आत येते आणि खोली आखूड झाल्याचे गाऱ्हाणे बाईंडरलाच सांगते. तो निमूट ऐकतो.

मित्रांनो, घर विकताना लोक किल्ल्या हातात देतात. दिलेले शब्दही सांगत जा. नव्या माणसाने ते पाळायचे की नाही हे तो ठरवील, पण त्याला ते ठाऊक तरी हवेत. आणि कोणी तुम्हाला दिलेला शब्द आठवायची वेळ आली, तर तो दिला होता तेवढाच आठवा.